आरोग्याचा पैसा कुणाच्या अर्जाला मिळतो?

मला सगळ्यात जास्त वेळा येणारा मेसेज एकच असतो. "आमच्याकडे आरोग्य शिबिर घ्यायचंय, फंड कुठून मिळेल?" कधी खानापूरहून येतो, कधी निपाणीहून, कारवारकडून, भालकीकडून. मी हुबळीत राहते, धारवाडात एका छोट्या संस्थेत काम करते, आणि त्या कामातला मोठा भाग म्हणजे प्रपोजल लिहिणं. त्यामुळे पोरांना वाटतं, माझ्याकडे पैसे देणाऱ्यांची यादी असणार. यादी आहे हो. पण यादी घेऊन काही होत नाही. अर्ज तिकडे कोण वाचतं, काय बघतं, कशावर मार्क देतं हे कळलं नाही तर यादीतल्या शंभर जणांकडे पाठवा, शंभर ठिकाणी तो फाईलीत पडून राहणार.

माझं मत आधीच सांगून टाकते. अनुदान आजार बघून मिळत नाही, कागद बघून मिळतं. आणि ज्याला आजार आहे तो आणि ज्याला कागद जमतो तो, हे दोघं एका गल्लीत क्वचितच राहतात. आपल्या सीमाभागात तर आजाराची भाषा एक आणि कागदाची दुसरी.

सगळ्यात आधी कंपन्यांचा पैसा घेऊ, कारण सगळ्यांची नजर तिकडेच असते. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं १३५ वं कलम सांगतं की ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. आरोग्य त्या यादीत आहे. पण त्याच कलमात आणखी एक ओळ आहे, ती फार कमी लोक वाचतात : कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं. म्हणजे पैसा कारखान्याच्या मागे जातो. धारवाडजवळ बेलूरची औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या आसपासच्या गावांना काहीतरी आशा असते. खानापूरच्या जंगलातल्या वाडीत कुठली कंपनी आहे? जोयड्यात कुठली? तिथे सर्पदंश झाला तर दवाखाना गाठायला लागणारा वेळ कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

बरं, अर्ज गेला. तो आधी माणूस वाचत नाही, चाळणी वाचते. संस्था नोंदलेली आहे का, १२ए आणि ८०जी आहे का, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव आहे का, कंपनी खात्याकडे सीएसआर-१ भरलाय का (१ एप्रिल २०२१ पासून तो लागतोच), बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब आहेत का. तरुण मंडळाचा, महिला बचत गटाचा, गल्लीतल्या पोरांच्या ग्रुपचा अर्ज इथेच गळतो. त्यात काय लिहिलंय ते कुणी पाहिलेलंही नसतं.

चाळणीतून सुटलात की मग मार्क. गरज किती, काम काय करणार, पैसे कशावर घालणार, मोजणार कसं, आणि आमचा पैसा संपल्यावर काय. पाच-सहा खाती, प्रत्येकाला गुण. वाचणाऱ्या माणसापुढे असे ढीगभर अर्ज असतात. तो वाईट नसतो. मी अशा दोन-चार लोकांना भेटलेय, चांगली शिकलेली, कळकळीची माणसं आहेत. पण त्याने हुबळीतली ती गल्ली बघितलेली नसते, आणि बघायला यायला त्याच्याकडे वेळही नसतो. त्याला दिसतो तो आकडा.

आता आकडा आणायचा कुठून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं मिळतात, पाचवी फेरी २०१९ ते २०२१ ची. छान माहिती असते. पण ती जिल्ह्याची. धारवाड जिल्ह्यात किती बायकांना रक्तक्षय आहे ते कळतं. जुन्या हुबळीतल्या एका बोळात पापड लाटणाऱ्या, धुणी-भांडी करणाऱ्या चाळिशीपुढच्या किती बायका बीपीची गोळी मध्येच सोडतात, ते त्यात नाही. त्या घरात मराठी बोलतात, बाजारात कन्नड बोलतात, पण दवाखान्यातलं कन्नड पत्रक त्यांना वाचता येत नाही, कारण शाळा दुसरी-तिसरीतच सुटली. कुठल्या सर्वेक्षणात हा रकाना आहे? आम्ही याच बायकांसाठी एकदा अर्ज केला होता. उत्तर आलं एका ओळीचं, गरज पुरेशी सिद्ध होत नाही. देणाऱ्याचं नाव सांगत नाही, त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी बहुधा हेच आलं असतं.

गंमत बघा. ज्याच्याकडे आधीपासून पैसा आहे तो सर्वेक्षण करू शकतो, सर्वेक्षण केलं की गरज सिद्ध होते, गरज सिद्ध झाली की पैसा मिळतो. ज्याच्याकडे नाही त्याची गरज कायम "सिद्ध न झालेली".

पूर्वी एक वाट होती. दिल्ली-मुंबईची मोठी संस्था परदेशातून पैसा आणायची आणि त्यातला थोडा आमच्यासारख्या लहान संस्थांना द्यायची. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेने दुसरीला असा पैसा देणं बंद झालं, कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका शाखेतच जमा व्हायला हवा असं ठरलं. गैरवापर थांबवायचा हे कारण होतं, असेलही. पण लहान संस्थांची नळी बंद झाली ती झालीच.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, हे कागद तपासणं, मार्क देणं सगळं ढोंग आहे, बंद करा. मी तसं म्हणणार नाही. अर्जाची नीट, कडक तपासणी झाली की काय होतं याचं उत्तम उदाहरण आपल्या बेळगावातच आहे, आणि आपल्या पोरांना ते माहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होऊन बायका दगावतात. त्यावरचं नेहमीचं औषध म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. ते थंड जागी ठेवावं लागतं, टोचायला प्रशिक्षित हात लागतो. खेड्यात घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईकडे फ्रीज कुठला? मग तोंडाने घ्यायची मिसोप्रोस्टॉलची गोळी चालेल का? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर हा प्रश्न घेतला. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या माता-बाल विभागाचा होता. बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १,६२० बायका त्या अभ्यासात आल्या. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये तो निकाल छापून आला आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्या जिल्ह्यातल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी जगाला दिलेलं उत्तर आहे ते.

त्या अमेरिकी संस्थेकडे अर्ज दोनदा तपासला जातो. आधी त्या विषयातले बाहेरचे तज्ज्ञ गुण देतात, मग एक सल्लागार परिषद बघते. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट : अर्ज नाकारला तरी तपासणाऱ्यांनी काय लिहिलं ते अर्जदाराला मिळतं. कुठे कमी पडलात ते कळतं, पुढच्या वेळी सुधारता येतं. आपल्याकडे मला आजवर मिळालेले नकार असे : "कळविण्यास खेद होतो." आणि बऱ्याचदा तेवढंही नाही, नुसती शांतता.

अर्थात तिकडचा पैसा म्हणजे तिकडची मर्जी. मे २०२५ मध्ये त्याच संस्थेने परदेशी संस्थांना सहकाऱ्यांमार्फत उपअनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली, नवी चौकट आणू म्हणाले. निर्णय तिकडे झाला, त्यात इकडच्या कुणाला विचारायची गरज पडली नाही.

आता सरकारचा पैसा. आपल्यापर्यंत येणारा बहुतेक पैसा खरं तर हाच आहे, आणि यालाही अर्ज असतो हे लोकांना माहीत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा आपला आराखडा करतो, जिल्ह्यांचे मिळून राज्याचा होतो, तो दिल्लीला जातो. तिथे एक समिती बसते, राज्याचे अधिकारी समोर बसून आपली मागणी मांडतात, काही मंजूर, काही कापलं, काही परत पाठवलं. जे ठरलं त्याचं कार्यवृत्त निघतं. ते अभियानाच्या वेबसाईटवर जाहीर असतं, कुणीही उघडून वाचू शकतं. २०२२ पासून हा आराखडा दोन-दोन वर्षांचा असतो. खर्चात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. म्हणजे कर्नाटक राज्यसुद्धा दिल्लीपुढे अर्जदारच! आणि खालून जिल्ह्याचा आराखडा करताना तालुक्याला, गावाला विचारायचं असं कागदावर आहे. तुम्हाला कधी कुणी विचारलं? मला नाही.

याशिवाय पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांमार्फत ७०,०५१ कोटी आरोग्यासाठी ठरवले, त्यातले २६,१२३ कोटी शहरांसाठी. आमच्या हुबळीत बैरिदेवरकोप्पला डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी 'नम्म क्लिनिक'चं उद्घाटन केलं, राज्यात अशी ४३८ उघडायचं ठरलं होतं. चांगली गोष्ट आहे, मी स्वतः अशा क्लिनिकात बायकांना घेऊन जाते. पण कुठल्या वॉर्डात उघडायचं, कुठल्या वेळेत चालवायचं हे ठरताना कामावर जाणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने संध्याकाळची वेळ सांगितली असती. ती दिवसभर दुसऱ्याच्या घरी भांडी घासत असते ना.

सीमाभागातले वाचक इथे ८६५ गावांचा मुद्दा काढणार, मला माहीत आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना त्या गावांना लागू केली, कर्नाटकाने विरोध केला, पुढे बेळगावात अर्ज भरून घेणाऱ्या केंद्रांवरून तापलं. त्यावर या पानाच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. मी फक्त दोन गोष्टी म्हणते. एक, हुबळी-धारवाड त्या यादीत नाही, आम्ही इथले मराठी लोक त्या भांडणात प्रेक्षक आहोत. दोन, ती योजना आजारी पडल्यानंतरच्या बिलाची आहे. गटार उघडं आहे, डास आहेत, गोळी मध्येच सुटते, गरोदर बाईचं वजन कुणी करत नाही, यासाठी तिच्यात काही नाही. बिल भरण्याची योजना मिळवण्यासाठी आपण जेवढा आवाज केला, त्याच्या दहावा हिस्सा आवाज गल्लीच्या आरोग्याच्या पैशासाठी केला का?

कारण तो पैसा आहे. रक्कम लहान आहे, पण ती कुठे घालायची हे ठरवणारी बैठक तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर होते.

गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते. तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत मुक्त निधी मिळायचा असतो. शहरात महिला आरोग्य समिती, ५० ते १०० घरांमागे एक, दहा-बारा बायका, आणि वर्षाला ५,००० रुपये. शहरी अभियान २०१३ मध्ये सुरू झालं तेव्हा हाच आकडा ठरला. तेव्हापासून भाज्यांचे भाव कुठे गेले ते सांगत नाही. आशा ताई सचिव, बायकांतलीच एक अध्यक्ष, बँकेत दोघींच्या सहीचं खातं. या पैशाला प्रपोजल लागत नाही, बारा-ए लागत नाही. बैठकीत ठरवायचं, ठराव वहीत लिहायचा, खर्च करायचा, पावती लावायची, वर्षाच्या शेवटी विनियोगाचा दाखला द्यायचा. झालं.

इथे अर्ज तपासणारं कोण? तुमची आई, तुमची वैनी, शेजारची काकू.

आणि प्रत्यक्षात काय होतं? मी बऱ्याच अशा बैठकांना बसलेय. अर्ध्या बायकांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नसतं. "सही कर म्हणाल्या, केली की," असं एक मामी मला म्हणाल्या. आशा ताईला वरून निरोप येतो, मार्च संपत आला, पैसे खर्च करा, दाखला द्या. मग ब्लीचिंग पावडर येते. दरवर्षी ब्लीचिंग पावडर. वही कन्नडमध्ये, तिच्यात "चर्चा झाली" एवढंच. आशा ताईला मी दोष देणार नाही, तिच्या डोक्यावर दहा रजिस्टरं असतात आणि मानधनासाठी तिलाच रस्त्यावर बसावं लागतं. एका गल्लीत मात्र वेगळं घडलं. तिथली बीए करणारी एक पोरगी बैठकीला आली आणि मागच्या ठरावाचं पान तिने मोठ्याने मराठीत वाचून दाखवलं. बस, एवढंच केलं. बायका एकदम बोलायला लागल्या. पावडर नको, आम्हाला बीपीचं मशीन घ्या, आशा ताईकडचं बिघडलंय. आणि रात्री कुणाला कळा आल्या तर रिक्षाभाड्याला थोडे बाजूला ठेवा. दोन्ही गोष्टी नियमात बसवता आल्या. ठराव त्या पोरीनेच कन्नडमध्ये लिहिला.

इथे मी जे म्हणणार आहे त्यावर कमेंटमध्ये शिव्या पडतील, पडू देत. अर्ज कन्नडमध्ये लिहा. ठराव कन्नडमध्ये लिहा, आणि चांगल्या, बिनचूक कन्नडमध्ये लिहा. भाषिक अल्पसंख्याकांसाठी नियम आहे की जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात लोकसंख्येच्या १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेतही द्यायचे. खानापूर, निपाणी, बेळगावच्या पोरांनो, हा तुमचा हक्क आहे. आरोग्य केंद्रातली लसीकरणाची सूचना, गोळ्यांची माहिती मराठीत मागा, लेखी मागा, नाही मिळाली तर भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे जा. पण आम्ही हुबळी-धारवाडचे त्या रेषेच्या खूप खाली आहोत. आम्हाला नियम वाचवणार नाही. आणि तुमचा हक्क मिळेपर्यंतसुद्धा तुमच्या गल्लीतली मामी गोळी सोडतच राहणार. दोन भाषा येणारं पोरगं ही आपल्या भागातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाया जाणारी आरोग्यसेवा आहे. धारवाडात तर हे नवीनही नाही. घरी मराठी बोलणाऱ्या बेंद्र्यांनी याच गावात बसून कन्नड कविता कुठल्या कुठे नेली, आपल्याला एक ठराव लिहायचाय.

पैसे देणाऱ्यांकडेही माझं मागणं आहे. नकार देताना कारण द्या, चार ओळी पुरे. लाखभराच्या अर्जाला कोटीच्या अर्जाइतके कागद मागू नका. आणि गुण देणाऱ्यांत एक तरी माणूस त्या भागातला घ्या, जमल्यास एखादी आशा किंवा अंगणवाडी ताई. हे स्वप्न नाही. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचं काम झालं, पुण्याच्या 'साथी' संस्थेने ते राज्यभर समन्वयाने चालवलं. जनसुनवाईत लोकांनी डॉक्टरांना, अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारलं, आणि रुग्ण कल्याण समितीचा पैसा कशावर घालायचा यात गावकऱ्यांनी तोंड घातलं. पहिल्या टप्प्यातल्या नऊ राज्यांत कर्नाटकही होतं, बरं का. म्हणजे ही पद्धत इथल्या अधिकाऱ्यांना अगदीच परकी नाही.

तेव्हा पुढच्या वेळी "फंड कुठून मिळेल" असा मेसेज टाकण्याआधी एवढं करा. आपल्या गल्लीची किंवा गावची समिती कुठली, आशा ताई कोण, ते शोधा. बैठक कधी आहे विचारा. सहसा महिन्याला एक व्हायला हवी. मागच्या दोन वर्षांची ठरावाची वही आणि पासबुक बघायला मागा. प्रेमाने मागा, कारण ती वही भरणारी बाईही आपल्यातलीच. बघू दिलं नाही तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपये लागतात. त्या वहीत काय सापडलं ते मला कळवा. आणि मोठा अर्ज करायचाच असेल तर त्या वहीतली पानं सोबत जोडा. आमच्या ज्या अर्जाची गरज "सिद्ध होत नव्हती", तो आम्ही या वर्षी पुन्हा पाठवतोय. या वेळी सोबत अकरा बैठकांचे ठराव आहेत, मशीनवर मोजलेले बीपीचे आकडे आहेत, आणि कुठल्या घरात पत्रक वाचता येत नाही त्याची त्या पोरीने हाताने केलेली यादी. निकाल अजून आलेला नाही.